घोडा, मोबाईल आणि गप्प बसलेला विक्रेता

आजचा भाग दुरुस्त करून विकलेल्या फोनबद्दल आहे, पण सुरुवात एका घोड्यापासून करावी लागेल.

१८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय आणि खाली उदाहरणं दिलीयत. आम्ही कोडसोबत टेस्ट केस लिहितो ना, अगदी तशी. पहिल्या उदाहरणात एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही! दुसऱ्यात घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे नात्यामुळे खोट सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. तिसरं मला सगळ्यात आवडतं. घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन. विकणारा गप्प. इथे ते गप्प बसणं म्हणजेच बोलणं.

आता घोड्याच्या जागी फोन ठेवा. पाण्यात पडून दुरुस्त झालेला बोर्ड, लोकल डिस्प्ले. विकणारा नुसता गप्प बसला तर तो पहिल्या उदाहरणात बसतो. मात्र त्याच कलमात आहे की माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ही फसवणूकच. आयओएस १५.२ पासून आयफोन सेटिंग्जमध्ये बदललेल्या पार्ट्सची नोंद दाखवतो. ती नोंद दिसू नये म्हणून खटपट करून फोन विकला, तर त्याला नुसतं मौन कसं म्हणायचं?

कायदा विकणाऱ्याला इतका सांभाळून का घेत होता? कारण घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, हा जुना इंग्रजी नियम. १६०३ साली लंडनमध्ये एका सोनाराचा खटला गाजला. त्याने 'बेझोर' म्हणून एक औषधी खडा १०० पौंडांना विकला होता. तो बेझोर नाही अशी तक्रार झाली, तरी निकाल सोनाराच्या बाजूने लागला, कारण त्याने नुसतं सांगितलं होतं, हमी दिली नव्हती! घोड्याचं एक वेळ ठीक आहे, तोंड उघडून दात तरी मोजता येतात. गोंदाने चिकटवलेला फोन तापकीर गल्लीतल्या काउंटरवर उघडून कोण दाखवणार? १९३० च्या माल विक्री कायद्याने दुकानदारासाठी काही अपवाद केले, पण मूळ नियम ठेवला.

वारं फिरलं ते सत्तरच्या दशकात. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९८४ मध्ये एमआरटीपी कायद्यात 'अनुचित व्यापारी प्रथा' आली. जुना, सेकंड हँड किंवा रिकंडिशन केलेला माल नवा म्हणून खपवणं त्यात मोडतं. हेच वाक्य १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात गेलं आणि तिथून २०१९ च्या कायद्यात.

माझी तक्रार याच वाक्याबद्दल आहे. ते नवं आणि जुनं यांच्यातली रेघ सांभाळतं. फोन 'जुना' म्हणूनच विकला, पण बोर्ड दुरुस्त केलाय हे सांगितलं नाही, तर हे वाक्य कामाचं नाही. तिथे २०१९ ची नवी व्याख्या उपयोगी पडते. जाहिरातीत महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवली, तर ती जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. वेबसाइटवरची जाहिरातही यात आली. म्हणजे १८७२ मध्ये चालून गेलेलं मौन व्यापाऱ्याच्या जाहिरातीपुरतं तरी अडचणीत आलं.

पण ॲपवर स्वतःचा एकच जुना फोन विकणारा शेजारचा मुलगा? तो व्यापारी नाही. तिथे आपण पुन्हा घोड्यापाशी येतो. वर कलम १९ सांगतं की साध्या काळजीने खरं कळण्यासारखं असेल, तर विक्रेत्याच्या मौनाचं कारण देऊन सौदा मोडता येत नाही. म्हणून सेटिंग्ज आधी स्वतः बघा. आणि पैसे पाठवण्याआधी तिसऱ्या उदाहरणातला तो माणूस व्हा. व्हॉट्सॲपवर लिहा: 'डिस्प्ले, बॅटरी, बोर्ड यातलं काही बदललेलं किंवा दुरुस्त केलेलं नाही असं मी धरतोय. तसं नसेल तर आत्ताच सांगा.' निळ्या टिका आल्या आणि उत्तर आलं नाही, तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.