आधी पंगत

जिद्द असली की गरिबी आडवी येत नाही, असं आमच्या पारावर कायम बोललं जातं. अन् दाखला कुणाचा? तर कर्मवीर भाऊराव पाटलांचा. त्यांची गरिबाची पोरं राबून शिकली, साहेब झाली. झाली हे खरंच. पण त्या गोष्टीतलं स्वयंपाकघर कुणी सांगत नाही.

अण्णा आधी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले होते. कुणब्याचं घर त्यांनी आतून बघितलं होतं. 1919 साली कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, अन् 1924 ला साताऱ्यात घातलं ते बोर्डिंग. साताऱ्यात शाळा होत्याच की! पण खेड्यातल्या पोरानं तिथं राहायचं कुठं अन् खायचं काय? अण्णांनी सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली. बायामाणसांकडनं मूठमूठ धान्य जमवलं, मुष्टिफंड म्हणत त्याला. तेही पुरेना, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. पोरांना कष्टाची सवय अण्णांनी लावलीच, 'कमवा आणि शिका' त्यातनंच आलं. पण राबणाऱ्या पोराचं ताट आधी मांडलेलं होतं.

हे मला उशिरा कळलं. बहात्तरच्या दुष्काळात मी सातवीत होतो. माझ्या बाकावरचा सोबती गणितात पटाईत. मास्तरांचा खडू फळ्यावर असायचा तोवर याचं उत्तर तयार. मी त्याचीच वही बघून उतरवायचो. रग म्हणाल तर त्याच्यात माझ्या दुप्पट. म्हसरं सोडून, शेणघाण काढून शाळेत यायचा, तरी माझ्या आधी हजर.

आमच्या विहिरीच्या तळाला थोडं पाणी टिकलं होतं, त्यावर घरापुरता जोंधळा निघाला. त्यांचं सगळं रान कोरडवाहू. त्याचे आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले, दिवाळीनंतर हाही गेला. सुट्टीत मी बघायला गेलो तर हाताला चिंध्या बांधून बसलेला. मला म्हणाला, "अपूर्णांक कुठवर आलं रं?" मी सांगितलं. कुठवर आलं ते मलाच नीट ठाऊक नव्हतं.

तो परत शाळेत आला नाही. गाव म्हणालं, पोराला शिक्षणाची गोडीच नव्हती. मीसुद्धा तेच म्हणत होतो, कितीतरी वर्षं. दहावी झालेला माणूस ना मी! त्याच्या वहीवर अन् आमच्या विहिरीवर झालो, हे कोण बोलणार?

परवा सोसायटीच्या कर्जाचं व्याज काढायचं होतं. मी कागद-पेन घेऊन बसलो. तो बांधावर तंबाखू मळत होता. मळता मळताच आकडा सांगितला. मी दोनदा मांडून बघितलं, पैशाचाही फरक नव्हता.