सुप्यात वह्या का जाळल्या? नव्या-जुन्याचा जुना हिशोब

मार्च आला की सोसायटीत एकच शब्द ऐकू येतो, नवं-जुनं. शब्द आपला रोजचा, पण हा खेळ दीडशे वर्षांचा आहे.

12 मे 1875, सुपे गावचा बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं घेरली आणि मागितलं काय, तर वह्या आणि कर्जरोखे. मिळाले ते तिथंच जाळले. हे लोण पुढं नगर जिल्ह्यात गेलं, तीसच्या वर गावांत पसरलं. बहुतेक ठिकाणी माणसाला मारण्यापेक्षा कागदावरच राग होता. असं का?

याचं मूळ अमेरिकेत सापडतं. तिकडं 1861 ला यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. एकरी 100 रुपये उचल मिळायला लागली. मागंल तेवढं कर्ज! आजकाल न मागता कार्डाचं लिमिट वाढवून देतात ना, तसंच. 1865 ला युद्ध संपलं, भाव पडला, सावकारानं हात आखडता घेतला. त्यातच सरकारनं फेरआकारणी करून शेतसारा वाढवला, तोही रोख भरायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. 1859 च्या कायद्यानं रोख्याची मुदत तीन वर्षं ठरली. हेतू चांगला होता, व्याज साचू नये. पण सावकार दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायचा, थकलेलं व्याज मुद्दलात घालून. हिशोब करून बघा. 100 रुपये, शेकडा 2 रुपये महिना. तीन वर्षांनी 172. नवं-जुनं केलं की सहा वर्षांनी 296, नऊ वर्षांनी 509. नुसतं सरळ व्याज असतं तर 316 झाले असते. बाकीचे 193 रुपये कुळानं कधी हातात घेतलेच नाहीत, ते फक्त अंगठ्यानं झाले. दंग्यानंतर चौकशी आयोग बसला, त्याला तर 100 रुपयांवर 2000 च्या वर व्याज लावलेलं प्रकरण सापडलं. आपल्याकडं दामदुपटीची रीत होती, व्याज मुद्दलापेक्षा जास्त घ्यायचं नाही. ती कुठल्या कुठं गेली.

कार्डावर 'मिनिमम' भरणाऱ्या पोरांनी हा हिशोब घरी मांडावा. तिथं महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात, म्हणजे सावकारही लाजंल.

1879 ला दख्खन शेतकरी मदत कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या जिल्ह्यांसाठी. त्यातलं माझ्या मते सगळ्यात मोठं कलम असं, की कोर्टानं नुसता शेवटचा रोखा बघायचा नाही, पहिल्यापासून किती दिलं-घेतलं ते उकरून काढायचं, मुद्दल वेगळं, व्याज वेगळं. कुळाला हप्ते पाडून द्यायची, पावती द्यायची सोय झाली. आपणही खातेउतारा असाच मागावा, शेवटची बाकी सांगून कुणी भागवत असंल तर उठायचं नाही.

सावकारानंही वाट काढलीच. गहाणाऐवजी सरळ खरेदीखत करून घ्यायला लागले. ते अजून चालू आहे. 2014 च्या सावकारी कायद्यात अशी गेलेली जमीन परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. ज्याचं असं खरेदीखत झालंय त्यानं जुन्या देण्या-घेण्याचा एकेक चिटोरा जपून ठेवावा, तिथं तोच लागतो.