कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्ट्युला

कॅरोटिड-कॅव्हर्नस फिस्ट्युला म्हणजे अंतर्गत ग्रीवा रोहिणी (धमनी) आणि डोळ्यांच्या मागे कवटीच्या तळाशी असलेले 'कॅव्हर्नस सायनस' हे नीलाकोटर यांच्यात निर्माण झालेला अनैसर्गिक मार्ग होय. चेहऱ्याच्या वरच्या भागाच्या व कवटीच्या तळाच्या अस्थिभंगानंतर उद्भवणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंतींपैकी ही एक आहे. ती विरळ असली, तरी दृष्टी हिरावून घेऊ शकते.

रोहिणी पूर्णपणे नीलेच्या पोकळीतून जाते, असे शरीरात हे एकच ठिकाण. येथे रोहिणी आजूबाजूच्या हाडांना व आवरणाला घट्ट बांधलेली असते. त्यामुळे दुचाकीचा अपघात किंवा उंचावरून पडणे यांसारख्या जोरदार आघातात ती ताणली जाऊन किंवा हाडाच्या कपच्याने फाटते. रोहिणीतील अधिक दाबाचे रक्त कोटरात शिरते आणि डोळ्याकडून रक्त परत आणणाऱ्या नीलांत उलटे वाहू लागते.

डोळा पुढे येऊन नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणे, नेत्रश्लेष्मा सुजून लाल होणे आणि पापणीवर स्टेथॉस्कोप ठेवल्यास घरघर ऐकू येणे ही प्रमुख लक्षणे आहेत. रुग्णाला स्वतःलाही डोक्यात सतत आवाज जाणवतो. सहावी मस्तिष्क तंत्रिका कोटराच्या आतून, रोहिणीलगत जात असल्याने डोळा बाहेरच्या बाजूस वळेनासा होतो व एकाच्या दोन वस्तू दिसतात. दोन्ही बाजूंची कोटरे परस्परांस जोडलेली असल्यामुळे लक्षणे क्वचित विरुद्ध बाजूच्या डोळ्यातही दिसतात. ती अपघातानंतर काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही प्रकट होतात. तोपर्यंत हाड जुळू लागलेले असते आणि लाल डोळा म्हणजे साधे 'डोळे येणे' समजले जाण्याचा धोका असतो. अपघाताचा पूर्वेतिहास विचारणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

सीटी व एमआर अँजिओग्राफीने संशय बळावतो; खात्रीचे निदान मात्र नळीद्वारे केलेल्या डिजिटल सबट्रॅक्शन अँजिओग्राफीने होते. डॅनियल बॅरो व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये केलेल्या वर्गीकरणातील चार प्रकारांपैकी आघातजन्य फिस्ट्युला बहुधा 'अ' प्रकारात, म्हणजे थेट व वेगवान प्रवाहाच्या गटात मोडतो. तो आपोआप क्वचितच बुजतो.

लंडनचे शल्यविशारद बेंजामिन ट्रॅव्हर्स यांनी १८०९ मध्ये धडधडत्या डोळ्याच्या रुग्णावर मानेतील ग्रीवा रोहिणी बांधून उपचार केले. मेंदूचा रक्तपुरवठा धोक्यात आणणारा हा मार्ग दीर्घकाळ प्रचलित होता. मॉस्कोचे फ्योदोर सेर्बिनेंको यांनी सुटा होणारा फुगा रक्तवाहिनीतून नेऊन छिद्र बुजवण्याची पद्धत विकसित केली व १९७४ मध्ये तिचा वृत्तांत प्रसिद्ध केला. आता प्रामुख्याने धातूच्या बारीक तारांची वेटोळी, म्हणजे कॉइल, वापरतात. रोहिणी शाबूत ठेवून छिद्र बंद झाल्यास आवाज लवकर थांबतो. डोळ्याची हालचाल पूर्ववत होण्यास मात्र अनेक महिने लागू शकतात.