पांडुरोग आणि लग्नाची तजवीज
हायडेलबर्गच्या दरबारातील वैद्य योहानेस लांगे याचे जे पत्र 1554 साली प्रसिद्ध झाले, त्यात एका स्नेह्याच्या कन्येची जी कैफियत नमूद आहे, ती आजच्या कोणत्याही शाळकरी मुलीला तंतोतंत लागू पडावी: गाल व ओठ निस्तेज, जिना चढताना धाप, छातीत धडधड, रात्री घोट्यांवर सूज आणि अन्नाचा तिटकारा. निरीक्षण इतके सूक्ष्म, पण तजवीज सुचविली ती विवाहाची! 'लग्न झाले की अंग धरील' हे आपल्याकडील वडीलधाऱ्यांचे आश्वासनही याच जातकुळीचे होय.

वस्तुतः या पांडुरोगाचे, म्हणजेच रक्तक्षयाचे, औषध फार पूर्वीच ज्ञात होते. चरकसंहितेतील नवायस चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, वावडिंग व चित्रक ही नऊ द्रव्ये समभाग घेऊन त्या सर्वांइतके लोहचूर्ण मिसळावे व ते मध-तुपाबरोबर द्यावे, असे विधान आहे. त्याच अध्यायात पांडुरोगाच्या पाच प्रकारांत मृत्तिकाभक्षणाने होणारा प्रकार स्वतंत्र सांगितला आहे. माती किंवा पाटीवरची पेन्सिल चोरून खाणे हे पुष्कळदा रक्तातील लोह उणे झाल्याचेच चिन्ह असते. आणि त्यापायी पोरींनी घरोघर मार खाल्ला, याचे मला अतीव दुःख होते.

युरोपात सिडनहॅम या इंग्रज वैद्याने 1681 साली लोखंडाचा कीस मद्यात भिजवून देण्याचा पुरस्कार केला आणि 1832 साली ब्लो या फ्रेंच वैद्याने लोहाच्या गोळ्या प्रचारात आणल्या. तरीही या रोगासाठी कोणी घट्ट आवळलेल्या कंबरपट्ट्याला दोष देई, कोणी बद्धकोष्ठाला, तर कोणी मुलीच्या स्वभावालाच. अखेर 1890 नंतरच्या दशकात एडिंबरोच्या राल्फ स्टॉकमन या वैद्याने त्वचेखाली लोह टोचून व रुग्ण मुलींच्या आहारातील लोह मोजून मूळ उणीव लोहाचीच असल्याचे दाखवून दिले.

आपल्या सरकारने रक्तक्षयाविरुद्धची योजना 1970 साली आखली. 2013 पासून किशोरींना आठवड्यातून एकदा लोहाची (आरंभी 100, पुढे 60 मिलिग्रॅमची) निळी गोळी देण्याचा शिरस्ता पडला. असे असूनही 2019–21 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 19 वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयी आढळल्या. कारण मासिक रक्तस्रावाने जे लोह दरमहा जाते, ते भरून काढण्याजोगे अन्न, घरातील पुरुषांची पंगत उठल्यावर उरल्यासुरल्यावर भागविणाऱ्या मुलीच्या ताटात अद्याप येत नाही.