दिल्लीच्या साळुंकीला ग्रॅमी

१९६३ साली अमेरिकी सरकारने ड्यूक एलिंग्टनचा जॅझ वाद्यवृंद भारताच्या दौऱ्यावर पाठवला. दिल्लीत एलिंग्टन आजारी पडला. त्याचा सहकारी संगीतकार बिली स्ट्रेहॉर्न याला तिथे एका साळुंकीची शीळ भावली. त्यातून 'ब्लूबर्ड ऑफ देल्ही' ही रचना झाली. जिमी हॅमिल्टनच्या क्लॅरिनेटमध्ये ती साळुंकी आजही ऐकू येते.

ही रचना असलेल्या 'फार ईस्ट सूट' या अल्बमला १९६८ मध्ये मोठ्या वाद्यवृंदाच्या जॅझवादनाचं ग्रॅमी मिळालं. पण स्ट्रेहॉर्न ३१ मे १९६७ रोजीच गेला होता. पुरस्कारांच्या यादीत नाव आहे एलिंग्टनचं. म्हणूनच आमच्या नोएडातल्या गॅलरीत साळुंकी बोलली, की मला आधी स्ट्रेहॉर्न आठवतो.