चाकाशिवाय

आमच्या स्वयंपाकघरात एक काळं भांडं आहे. पोट फुगीर, वर झाकण, कानांना वेताची वीण. 2012 पासून ते आमच्याबरोबर पोस्टिंग करत फिरतंय. प्रत्येक बदलीच्या वेळी जुन्या जर्सीत गुंडाळून काळ्या ट्रंकेत जातं आणि नव्या क्वार्टरमध्ये पहिल्या दिवशी बाहेर निघतं. या काळात चिनी मातीचे दोन डिनर सेट धारातीर्थी पडले. या भांड्याचा फक्त एका कानाचा टवका उडालाय. त्यात आजही मटण शिजतं, थेट गॅसवर.

ते पुन्हा आठवायचं कारण आमची मिसेस. सध्याच्या स्टेशनवर तिने क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात स्वतःचा स्टुडिओ थाटलाय. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक जुनं टेबल, पोळपाट-लाटणं, ओलं फडकं, मातीची पंचवीस किलोची पिशवी आणि तारेचा एक तुकडा. भट्टी नाही. वाळलेली भांडी गाडीच्या मागच्या सीटवर उशांच्या मधे ठेवून शहरात भाजायला न्यायची आणि वाटेतल्या प्रत्येक गतिरोधकाला मी शिव्या खायच्या, अशी कामाची वाटणी आहे. मातीच्या गोळ्यात अंगठा रोवून चिमटीने कड वर काढायची, मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, किंवा पोळीसारखी माती लाटून तिची नळी करून जोडायची, एवढ्या तीन युक्त्यांवर तिचं सगळं काम चालतं. मागच्या महिन्यात ती क्लासहून जरा हिरमुसून आली. शिकवणाऱ्यांनी सांगितलं होतं, "हे हाताचं म्हणजे बालवाडी. खरी पॉटरी चाकावर." तिचं मनगट अधू आहे, चाक तिला जमणार नाही.

मी काही बोललो नाही. ओट्यावरच्या काळ्या भांड्याकडे पाहिलं. ते ज्या हातांनी केलं, त्यांनी त्यासाठी चाकाला कधी स्पर्श केला नव्हता.

तेव्हा माझी कंपनी मणिपूरच्या उखरुल जिल्ह्यात होती. तांगखुल नागांचा मुलूख. कंपनी मराठ्यांची, त्यामुळे तिथे गेल्यावर सर्वांत आधी जायचं ठिकाण ठरलेलं होतं: सांगशाक. मार्च 1944 मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशातून कोहिमा-इंफाळकडे निघाल्या, तेव्हा या डोंगरमाथ्यावरच्या गावात 50 भारतीय पॅराशूट ब्रिगेडने त्यांना अडवून धरलं. त्या ब्रिगेडबरोबर 4/5 मराठा होती. 26 मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला तोवर माणसांची फार मोठी किंमत मोजून झाली होती, पण कोहिमाला तयारीसाठी मोलाचे दिवस मिळाले होते. त्या लढाईचे दोन तपशील पायदळवाल्याला सोडत नाहीत. एक, माथ्यावर पाणी नव्हतं. दुसरा, हात-दोन हात खणलं की खाली खडक लागायचा, त्यामुळे खंदक धड खोल होतच नव्हते. विमानांतून टाकलेलं बरंचसं सामान जपान्यांच्या हाती पडत होतं आणि आमची माणसं उथळ खळग्यांत पडून लढत होती.

तिथे उभे असताना माझ्या एका हवालदाराने बुटाच्या टाचेने जमीन ठोकून पाहिली. सातारा जिल्ह्यातला माणूस, बोलायला कमी. म्हणाला, "साहेब, या मुलखात नुसता दगडच. इथले लोक मडकी कशाची करत असतील?"

खंदकांच्या जागी उभं राहून मडकी आठवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहिला, मग सांगितलं की घरचा धंदा कुंभारकीचा. वडील अजून चाकावर बसतात. सात वर्षं एकत्र काढून मला हे माहीत नव्हतं, आणि त्याच्या बोलण्यावरून कळलं की माहीत होऊ नये असंच त्याला वाटत होतं. पलटणीत शेतकऱ्याचा मुलगा म्हणून सांगायला छाती पुढे येते. गाढवावरून माती आणणाऱ्याचा मुलगा म्हणून ती येत नाही. ही आपली गोष्ट आहे, नागा मुलखाची नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर उखरुलच्या उत्तरेला लोंगपी गावात मिळालं. लोंगपी काजुई आणि लोंगपी खुल्लेन अशी दोन जुळी गावं. तिथे मडकी खरोखरच दगडाची करतात. डोंगरातून काळा सर्पेंटिनाइट दगड आणायचा, दुसरा एक झिजून मऊ झालेला तपकिरी दगड आणायचा, दोन्ही कुटायचे, चाळायचे, पाण्यात कालवून मळत राहायचं. सर्पेंटिनाइट म्हणजे एके काळच्या समुद्रतळाखालचा खडक. भारताचा भूखंड पूर्वेकडे ब्रह्मदेशाच्या बाजूला भिडला तेव्हा तो रेटला जाऊन डोंगरावर आला. उखरुलमधून जाणारा तो पट्टा भूगर्भशास्त्रज्ञांना चांगला परिचित आहे. लोंगपीच्या लोकांनी मात्र त्याचा उपयोग भूगर्भशास्त्राच्या कितीतरी आधी शोधला.

आम्ही गेलो ते एका म्हाताऱ्या कारागिराच्या अंगणात. अंगण म्हणजेच कारखाना. एका बाजूला कोंबड्या, एका बाजूला लाकडं, मधे तीन पायांची घडवंची. पाच-सहा हत्यारबंद माणसं घेऊन कुणाच्या अंगणात शिरणं ही काही पाहुणचाराची रीत नव्हे, याची जाणीव त्या भागात नोकरी केलेल्या प्रत्येकाला असते. आजोबा उठले नाहीत, आणि "या" असंही म्हणाले नाहीत. माझ्या बडीने रायफल टेकवायला एक लाकडी फळी निवडली, तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. गावातल्या मास्तरांनी हिंदीत सांगितलं, "ती फळी त्यांची माती लाटायची आहे. तिथे नको." रायफल उचलली गेली, आणि त्यानंतर आजोबांनी काम पुढे सुरू केलं.

त्यांनी कालवलेला गोळा फळीवर थापून लांबट पट्टी केली, पट्टीचं नळकांडं वळवलं, सांधा बोटांनी मिटवला. तळासाठी वेगळी चकती. मग घडवंचीवर ठेवून एक हात आत, एक बाहेर. बाहेरून बांबूच्या चपट्या कामटीने चोपत, आतून बोटांनी ढकलत पोट फुगवलं. आपल्याकडे भांडं फिरतं आणि कुंभार बसतो. इथे भांडं बसलं होतं आणि म्हातारा त्याच्याभोवती फिरत होता. पाऊण तासात त्याने किती प्रदक्षिणा घातल्या, मोजल्या नाहीत.

माझा हवालदार आधी मागे उभा होता. मग हळूहळू पुढे आला, मग उकिडवा बसला. शेवटी त्याने हात पुढे केला आणि आजोबांनी न बोलता लिंबाएवढा गोळा त्यावर ठेवला. त्याने तो वळला, दाबला, कड ओढायला गेला आणि गोळा भाकरीच्या कोरड्या पिठासारखा तडकला. आजोबा हसले. हवालदारही हसला. मी त्याला त्या दिवशी जेवढा मोकळा पाहिला तेवढा पुन्हा नाही.

"साहेब," तो म्हणाला, "ही चाकावर उभीच राहणार नाही. चाकाला चिकट माती लागते, ओढली की वर येणारी. हिला ओढलं तर फाटते. हिला समजावतच न्यायला पाहिजे."

शाळेच्या पुस्तकात चाकाचं चित्र असतं आणि त्याखाली प्रगती. जणू हाताने घडवणारे लोक मागे राहिले, त्यांना चाक सुचलं नाही किंवा पोहोचलं नाही. मीही तेच शिकलो होतो. पण लोंगपीत चाक नाही ते अडाणीपणामुळे नाही. त्यांच्या हाती जो दगड आहे त्याला चाक चालत नाही, आणि त्या दगडाचे गुण त्यांना सोडायचे नाहीत. त्या भरड दगडामुळेच भांडं उघड्या जाळावर ठेवलं तरी तडकत नाही. आपले कुंभारही मातीत राख, वाळू, लीद मिसळतात ते काहीसं याच हिशोबाने. वाळलेली भांडी लोंगपीत उघड्यावर लाकडं रचून भाजतात, सुमारे 900 अंशांपर्यंत. लालबुंद असतानाच बाहेर ओढतात आणि एका स्थानिक झाडाच्या पानांनी घासतात. चर्रर आवाज, धूर, आणि ती काळी झळाळी. दुसरा रंग नाही, झिलई नाही.

आता थोडा हिशोब करू. चीनमधल्या शियानरेनडोंग गुहेत सापडलेली खापरं सुमारे 20,000 वर्षांपूर्वीची आहेत. कुंभाराचं चाक फार तर सहा हजार वर्षांचं. म्हणजे मडक्यांच्या इतिहासातला मोठा भाग नुसत्या हातांचा आहे. आपल्या ईशान्येत आसामच्या दाओजली हाडिंगला 1960 च्या दशकात उत्खनन झालं, तिथे दोरीचे ठसे असलेली हाताची मडकी निघाली. मणिपूरच्या खोऱ्यात नापाचिकला तशीच, आणि शिवाय तीन पायांची. ती रीत तिथून सलग आजपर्यंत आली असं मी म्हणणार नाही, मधल्या काळाचा पुरावा जोडल्याशिवाय तसं म्हणू नये. पण आंद्रो आणि थोंगजाओ या गावांतल्या बायका आजही चाकाशिवाय, भांड्याभोवती फिरत मडकी करतात. माजुली बेटावर सालमोराच्या बायकाही चाक वापरत नाहीत. त्यांची मडकी होडीतून जायची आणि बदल्यात धान्य यायचं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी कुंभाराच्या बायकोने चाकाला हात लावायचा नाही असा दंडक. माती तिने मळायची, मडकं चोपायला बसायचं, रंगवायचं आणि बाजारात डोक्यावरून न्यायचं. कुंभार मात्र तो, कारण चाक त्याचं. आंद्रोत हा प्रश्नच उद्भवत नाही.

आणि खुद्द आपल्या महाराष्ट्रात? पुण्याजवळ घोड नदीकाठी इनामगाव. डेक्कन कॉलेजने 1968 पासून तिथे अनेक वर्षं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. त्यांच्याकडे चाक होतं, आणि चाकावरची जोर्वे पद्धतीची भांडी अशी देखणी, लालसर, त्यावर काळी नक्षी, तोटीची. तरीही इनामगाव-नेवाशासारख्या वस्त्यांत लहान मूल दगावलं की त्याला घराच्या जमिनीखाली पुरायचे, दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेल्या. हे कुंभ बरेचसे करडे, जाडेभरडे, आणि हाताने घडवलेले.

त्याचं कारण साधं असू शकेल. जाड, मोठं भांडं भरड मातीत हाताने करणं सोपं. मी त्यात भावना घुसवत नाही. पण एवढं नक्की, की चाक घरात असलेल्या लोकांनी हात टाकून दिला नव्हता. कुठलं काम चाकाचं आणि कुठलं हाताचं, हे त्यांना ठाऊक होतं. आजचा आपला कुंभारसुद्धा माठ चाकावरून उतरवतो तेव्हा तो अर्धाच झालेला असतो. आतून दगडी गोळा धरून बाहेरून थापीने थापटत त्याचं पोट घडवायचं ते हातानेच. चाकाचा माठ म्हणून आपण जो विकत घेतो त्याचा खालचा अर्धा भाग चाकाने पाहिलेलाच नसतो.

थोंगजाओच्या नीलमणी देवींना 2007 मध्ये पद्मश्री मिळाली आणि लोंगपीच्या माचिहान सासांना 2024 मध्ये. दुसरी बातमी आली त्या दिवशी मी हवालदाराला फोन केला. तो आता पेन्शनवर, गावी असतो. लोंगपीहून आम्ही दोघांनी एकेक भांडं घेतलं होतं, माझं ओट्यावर आहे. त्याने त्याचं सुट्टीत वडिलांसाठी नेलं होतं. वडिलांनी काय म्हटलं, हे मी इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

म्हणाला, "दादांनी आधी बोटाच्या पेराने वाजवलं, साहेब. मग उलटं करून तळ बघितला, आत हात घालून चाचपलं. चाकाच्या रेघा शोधत होते. मी म्हटलं, चाक नाही. तर म्हणाले, मग एकाला वेळ किती लागतो, विचारलंस का? मी म्हटलं, नाही विचारलं. त्यावर माझ्यावर चिडले. म्हणाले, कुंभाराच्या घरात जन्मलास आणि एवढंही विचारलं नाहीस?"

मग त्याने मला विचारलं, मॅडमचं काय चाललंय. मी व्हरांड्यातला स्टुडिओ सांगितला, क्लासमधलं बोलणं सांगितलं. तो म्हणाला, "वळ्यांची भांडी सावलीत वाळवायला सांगा, साहेब. आणि कडेला ओलं फडकं. कड आधी वाळते, तिथेच तडा जातो."

फडकं आता कडेवर असतं. या आठवड्यात चार भांडी भाजायला गेली, चारही तडा न जाता परत आली.