कारागृहातील परिस्थिती आणि बंद्यांमधील हिंसा
कारागृहातील गर्दी, अपुरे कर्मचारी, सक्तीची रिकामवेळ आणि लांबलेले खटले यांचा बंद्यांमधील मारामाऱ्यांशी संबंध असतो. जळगाव जिल्हा कारागृह हे त्याचे खानदेशातील ठळक उदाहरण. तेथे क्षमतेच्या दुपटीहून अधिक बंदी राहत आले आहेत. जुलै २०२० मध्ये पिस्तुलाच्या धाकावर तीन बंदी पळाले, तर जुलै २०२४ मध्ये एका न्यायाधीन बंद्याचा सहबंद्याने धारदार शस्त्राने खून केला. शस्त्र आत पोहोचते, तिथे प्रश्न झडतीचाही असतो.

दाटीत भांडणाचे निमित्त क्षुल्लक असते: झोपायची जागा, पाणी, रांग. कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात जून २०२४ मध्ये आंघोळीवरून झालेल्या वादात १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील एका सिद्धदोष बंद्याला गटारावरच्या लोखंडी झाकणाने ठार मारण्यात आले. मात्र गर्दीलाच सारा दोष देणे भाबडेपणाचे ठरेल. येरवड्याच्या अतिसुरक्षित अंडासेलमध्येही जून २०१२ मध्ये खून झाला. बाहेरचे टोळीवैर बंद्यांसोबत आत येते. अभ्यासक ग्रेशम साइक्स यांनी १९५८ मध्ये बंदिवासातील वंचनेवर भर दिला, तर आयर्विन व क्रेसी यांनी १९६२ मध्ये बंद्यांनी बाहेरून आणलेल्या संस्कृतीवर. प्रश्न लांबलेल्या खटल्यांचाही आहे: राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातील सुमारे ७६ टक्के बंदी न्यायाधीन होते.